आजोबांच्या चालीने अंबाजोगाई

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली की व्यापारी घरांतील तरुण मंडळी डोंगराकडे धाव घेतात. ही गोष्ट आता बीड, जालना, लातूर या गावांतही नवी राहिलेली नाही. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, लोणावळा ही नावे घरोघरी पाठ असतात. खोल्या महिना-दोन महिने आधी राखून ठेवल्या जातात, खाखरे-ठेपल्यांचे डबे भरले जातात आणि मुलांच्या शाळेला एखादी दांडीही मंजूर होते. या साऱ्या तयारीत घरातील आजोबा किंवा आजी मात्र बहुधा धरलेली नसतात. “तिथले चढउतार तुम्हाला झेपणार नाहीत,” असे प्रेमाने सांगितले जाते, दुकानाच्या किल्ल्या त्यांच्या हाती येतात आणि मोटार निघून जाते. यात कोणाच्या मनात वाईट नसते. पण वर्षामागून वर्ष असे होत राहिले की ज्यांच्यासोबत जायचे होते, त्यांची जाण्याची शक्तीच सरलेली असते.

ज्यांना आपण थंड हवेची ठिकाणे म्हणतो, त्यांचा इतिहास तसा अलीकडचा आहे. महाबळेश्वर १८२८-२९च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत आरोग्यस्थान म्हणून आकाराला आले. माथेरान १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी शोधले आणि पीरभॉय कुटुंबाच्या भांडवलावर उभी राहिलेली तेथील छोटी रेल्वे १९०७मध्ये धावू लागली. उन्हाळ्यापासून सुटका हा त्या गावांच्या जन्माचा हेतू. तेथे हवा उत्तम असते, देखावे सुंदर असतात. मात्र मराठवाड्यातील आजोबांना तेथे नातवंडांना सांगण्यासारखे स्वतःचे फारसे काही नसते. ते तेथे इतरांसारखेच पाहुणे असतात.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे तसे नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेवर, जयंती नदीच्या काठी वसलेले हे गाव परळीकडून येताना घाट चढून गाठावे लागते. हवा खालच्या मैदानापेक्षा सुखद. हे गाव कोणा गव्हर्नराने विश्रांतीसाठी वसवलेले नाही. यादवकाळापासून देऊळ, मठ, छावणी, बाजार आणि शाळा यांच्या आधाराने ते वाढत आले. जिल्ह्यातील कित्येक व्यापारी घरांचा कोणी ना कोणी पूर्वज येथे शिकला, नोकरीस राहिला किंवा मालाच्या गाड्या घेऊन येऊन गेला आहे. म्हणून या डोंगरावर आजोबा पाहुणे राहत नाहीत, तेच वाटाडे होतात.

एका घराचा बेत

बीडच्या मोंढ्यात आडतीचे दुकान असलेल्या एका कुटुंबाचा अनुभव या दृष्टीने सांगण्यासारखा आहे. आजोबांचे वय ७९. दोन्ही गुडघे दुखरे. शस्त्रक्रियेचा सल्ला डॉक्टरांनी दिलेला. चार वर्षांपूर्वी गादी मुलाकडे सोपवली, तेव्हापासून दुकानात जाणे कमी झाले. पत्नीच्या निधनानंतर गाव सोडून कोठे जाणेही थांबले. अंबाजोगाईला एकदा जाऊन यावे, असे ते अधूनमधून म्हणत. “तुरीचा हंगाम होऊ द्या,” “सोयाबीनची आवक ओसरू द्या,” असे उत्तर मुलाकडून येई. मुलाचेही खोटे नव्हते. मोंढ्यातील माणसाला हंगाम सोडता येत नाही, आणि एक हंगाम सरेपर्यंत दुसरा दाराशी उभा असतो.

पुण्यात सीएचा अभ्यास करणारी नात दिवाळीला घरी आली, तेव्हा तिने हा प्रश्न आपल्या हाती घेतला. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की पुढच्या शनिवारी आजोबा आणि ती, दोघांनीच निघायचे. रविवारी दुपारी मुलाने मोटार घेऊन आणायला यायचे, असे ठरले. जाताना मात्र एसटीनेच जायचे, ही आजोबांची अट होती. १९६३मध्ये मॅट्रिक होऊन ते पहिल्यांदा अंबाजोगाईला गेले, तेही एसटीनेच.

बेत आखताना नातीने मुक्कामाच्या जागेपासून सुरुवात केली नाही. आजोबांचा दिवस कसा जातो, ते तिने आधी कागदावर मांडले. पहाटे सामायिक, मग चहा-नाश्ता, त्यानंतर औषधे, दुपारी तासभर विश्रांती, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि संध्याकाळी प्रतिक्रमण. कार्तिक-मार्गशीर्षात या भागात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वापाचला ताट समोर हवे. याचा अर्थ दिवसाला दोनच ठिकाणे पाहता येतील, तिसरे नाही. कोणाला ही अडचण वाटेल. प्रत्यक्षात प्रवास सुखाचा झाला तो या बंधनामुळेच. धावपळीला जागाच उरली नाही.

शून्य रुपयांचे तिकीट

बीड ते अंबाजोगाई हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. मांजरसुंब्याचा चढ, मग नेकनूर, केज आणि लोखंडी सावरगाव असा रस्ता. २६ ऑगस्ट २०२२पासून राज्यातील ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे पडते आणि मार्च २०२३पासून महिलांनाही निम्मेच भाडे आकारले जाते. वाहकाने आजोबांचे आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचे तिकीट हाती दिले. आयुष्यभर पावतीशिवाय पैसा न दिलेल्या आणि पैशाशिवाय पावती न घेतलेल्या त्या व्यापाऱ्याने ते तिकीट दोनदा वाचले आणि घडी करून खिशात ठेवले.

मांजरसुंब्याचा चढ सुरू झाला आणि आजोबांना शब्द फुटले. डोंगरउतारावरची सीताफळाची झाडे त्यांनी नातीला दाखवली. बीडच्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे तिला ठाऊक होते. पूर्वी ही फळे पाट्यांतून रस्त्याच्या कडेला विकली जात आणि त्यांची आडत कोणी लावत नसे, हे तिला ठाऊक नव्हते. पुढे केजच्या आसपास रस्त्याच्या दुतर्फा ऊस दिसू लागला. आजोबा म्हणाले, “१९७२ साली या रस्त्याने हिरवे पान दिसत नव्हते. माणसे खडी फोडायला बसलेली असत.”

१९७२चा दुष्काळ महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. रोजगार हमी योजनेची पाळेमुळे त्या काळातील दुष्काळी कामांत आहेत, परदेशातून आलेली मिलो ज्वारी तेव्हा लोकांनी खाल्ली, हे नातीने वाचले होते. पण आडतीच्या दुकानाच्या बाजूने तो दुष्काळ कसा दिसला, हे कोणत्याच पुस्तकात तिच्या वाचनात आले नव्हते. आवक थांबलेली, काटे रिकामे, हमाल गाव सोडून गेलेले आणि खतावणीत शेतकऱ्यांकडे येणे असलेल्या रकमा जशाच्या तशा. लोखंडी सावरगाव येईपर्यंत आजोबा तेच बोलत होते.

मोंढा, हाली रुपया आणि एक जुने देणे

अंबाजोगाईला पोहोचल्यावर थोडी विश्रांती घेऊन दोघे रिक्षाने जुन्या बाजारात गेले. आजोबांनी येथे एका नातेवाइकाच्या आडत दुकानात ११ वर्षे मुनिमी केली होती. निजामी राजवटीत गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणीला दाणा-वैरण, कापड, किराणा लागे. त्यामुळे बाजार वाढला. गावाला स्वतःची रेल्वे नव्हती. परळीला रेल्वे आल्यावर माल घाट उतरून तेथे जाऊ लागला. बैलगाड्या पहाटे निघत आणि गाडीवानांचा हिशेब आदल्या रात्रीच चुकता होई.

आजोबा रुजू झाले त्या दुकानात जुन्या वह्यांचे गाठोडे होते. त्यांत दोन नाण्यांचे हिशेब असत: एक हाली, दुसरे कलदार. हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन म्हणजे हाली रुपया. ढोबळमानाने सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपये, असा भाव चाले. सोलापूर-अहमदनगरकडच्या व्यापाऱ्याशी व्यवहार असला की प्रत्येक रकमेचे रूपांतर करावे लागे. १९४१मध्ये स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक हे चलन सांभाळी. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले तरी हाली रुपया १९५९पर्यंत तग धरून होता. परकीय चलनाच्या विनिमयाचे धडे पुस्तकातून शिकणाऱ्या नातीला आपले पणजोबा-आजोबा बीड जिल्ह्यात बसून तेच करत होते, हे येथे प्रथम उमगले.

दुकान आता राहिलेले नाही. ती जागा ओलांडून आजोबा मागच्या गल्लीत वळले आणि एका तीनमजली इमारतीपुढे उभे राहिले. खाली मोबाइलचे दुकान होते. येथे पूर्वी एक विधवा बाई चार-पाच नोकरदारांना जेवण देत. सारे त्यांना मावशी म्हणत. बाकीची मंडळी रात्री आठला जेवत. या एका जैन मुलासाठी मात्र मावशी सूर्य मावळण्याआधी चूल पेटवत आणि कांदा, लसूण, बटाटा टाळून त्याची भाजी वेगळ्या पातेल्यात करत. वरकड पैसा त्यांनी कधी मागितला नाही. १९७२ साली मालकाने पगार निम्मा केला, तेव्हा दोन महिन्यांचे खानावळीचे पैसे थकले. “पाऊस पडला की दे,” एवढेच मावशी म्हणाल्या. पाऊस पडला, पण थोडे देणे फिटले तर दुसरे उभे राही. १९७४मध्ये वडील आजारी पडल्याचा निरोप आला आणि त्यांना एका रात्रीत बीड गाठावे लागले. मग दुकान, लग्न, भावंडांची शिक्षणे. देणे मनात राहिले, वहीत मात्र कधी उतरले नाही.

शेजारच्या किराणा दुकानात सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांना मावशी आठवत होत्या. मावशींना जाऊन वीसेक वर्षे झाली, मागे कोणी राहिले नाही, असे त्यांनी सांगितले. आजोबा दुकानाच्या पायरीवर बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“दादाजी, किती रक्कम होती?” नातीने विचारले.

“दोन महिन्यांचे सत्तर रुपये.”

नातीला अभ्यासातले कलम आठवले. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या उधारीचे येणे तीन वर्षांच्या आत मागावे लागते. त्यानंतर न्यायालयाचे दार बंद होते. हे देणे १९७५-७६लाच मुदतबाह्य झाले होते. आजोबांचे मन हलके व्हावे म्हणून तिने तसे सांगितले. आजोबा म्हणाले, “कायद्याने मागणारा थांबतो, बेटा. देणाऱ्याला कोणी थांबवलेले नाही.”

सव्वापाच वाजत आले होते. आजोबांनी स्वतःच घड्याळ पाहिले आणि दोघे मुक्कामी परतले.

त्या रात्री प्रतिक्रमणानंतर नातीने एक वही काढली. आजोबा सांगत गेले, ती लिहीत गेली. पहिल्या पानावर मावशींचे नाव आणि सत्तर रुपये. मग मालकांनी दुष्काळात कोणाकोणाचे व्याज सोडले, कोणत्या गावच्या शेतकऱ्याने १० वर्षांनी येऊन मुद्दल आणून दिले, कोणत्या हमालाच्या मुलाची फी दुकानाने भरली. घराच्या लोखंडी कपाटातील एकाही वहीत ही नोंद नव्हती. नोंद एकाच ठिकाणी होती, आणि त्या माणसाचे वय ७९ होते.

रविवारची सकाळ

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. ग्रामीण भागासाठी काढलेल्या पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची गणना होते. ज्यांचे नाव त्याला दिले, ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी १९३०च्या दशकात याच गावी योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. रुग्णालयाच्या आवारात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक झाडाखाली बसलेले दिसतात. रविवारी सकाळी आजोबांनी जवळच्या खानावळीत पैसे भरले आणि त्यांच्यातील काही जणांच्या जेवणाची सोय केली. सत्तर रुपयांचे आजचे मोल किती, याचे गणित नात मोबाइलवर मांडू लागली होती. आजोबांनी तिला ते पूर्ण करू दिले नाही. दरवर्षी याच सुमारास एवढे करायचे, असे त्यांनी वहीत लिहून घेतले.

त्यानंतर योगेश्वरीचे देऊळ. कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांची ही कुलदेवता, म्हणून दूरदूरहून लोक येथे येतात. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता, पण मुहूर्त टळला. देवी येथेच कुमारिका राहिली आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले, अशी लोककथा आहे. वऱ्हाडातले हत्ती म्हणून लोक ज्यांच्याकडे बोट दाखवतात, ते दगडी हत्ती गावाबाहेर हत्तीखान्याच्या लेण्यात आहेत. खडकात खोदलेले प्रशस्त अंगण, खांबांचे मंडप आणि भग्न झालेले हत्ती असे हे लेणे आहे. त्याला जोगाईचा मंडप असेही म्हणतात.

वाचकांना विशेष वाटावे असे की याच परिसरात जैन लेणेही आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांची पाहणी केली. त्या काळापासून अभ्यासकांना ते परिचित आहे. वेरूळच्या इंद्रसभेला आपण सहली काढतो. जिल्ह्यातल्या या लेण्याकडे मात्र बीडच्या जैन कुटुंबांचेही पाय क्वचितच वळतात. आजोबांना ते ठाऊक होते. मुनिमीच्या दिवसांत सुटीच्या दुपारी ते तेथे येऊन बसत. यावेळी गुडघ्यांमुळे ते आत उतरले नाहीत. सावलीत खुर्ची टाकून बसले आणि नातीला काय पाहायचे ते सांगून पाठवले. ती आत जाऊन येई, विचारे आणि पुन्हा जाई. ज्येष्ठांना डोंगरावर नेणे म्हणजे त्यांना प्रत्येक पायरी चढायला लावणे नव्हे, हे येथे दोघांनाही न बोलता समजले.

गावातील खोलेश्वराच्या देवळाची कथा आजोबांनी अशीच बसल्या जागी सांगितली. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर अंबाजोगाईचा आश्रयदाता होता. त्याचा मुलगा राम गुजरातेच्या मोहिमेत मारला गेला. तेव्हा खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधले. शके ११६२, म्हणजे इ.स. १२४०च्या शिलालेखातून ही हकीकत कळते. त्याच गुजरातेत, वाघेल्यांचे जैन मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल या बंधूंनी आपल्या घरातील माणसांच्या पुण्यार्थ अबूच्या डोंगरावर लूणवसही उभारली होती, ती १२३०मध्ये. सैन्ये एकमेकांसमोर उभी होती, आणि दोन्ही बाजूंना माणसे आपल्या माणसांची आठवण दगडात जपत होती. दिलवाड्याला तीन वेळा जाऊन आलेल्या नातीला बीड जिल्ह्यातील ही बहीण प्रथमच भेटली.

कापडाच्या व्यापारातील घरांना आवडावी अशी आणखी एक वस्तू या गावाने जपली आहे. संत दासोपंत (१५५१-१६१५) येथेच राहिले. परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानला जाणारा ‘गीतार्णव’ त्यांचा. त्यांना रोज एका ढबूची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. तीच प्रसिद्ध पासोडी. कागद फाटतो, पोथीची पाने विस्कटतात, पण हे कापड चार शतके टिकले. ‘विवेकसिंधु’कर्ते मुकुंदराज यांची समाधीही गावाजवळच बालाघाटाच्या दरीत आहे. शके १११०मधील, म्हणजे इ.स. ११८८मधील हा ग्रंथ मराठीतील आद्य ग्रंथांत गणला जातो. पण समाधीला जायचे तर सव्वापाचचे जेवण चुकणार होते. “ती पुढच्या वेळी,” असे आजोबाच म्हणाले. पुढची वेळ असा शब्द त्यांच्या तोंडून घरच्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

मुलगा येतो तेव्हा

दुपारी मुलगा मोटार घेऊन आला. दुकान दीड दिवस त्याच्या पत्नीने आणि जुन्या मुनिमाने सांभाळले होते, आणि त्यामुळे काहीही बिघडले नव्हते. परतीच्या वाटेवर नातीने वहीतील काही पाने वाचून दाखवली. वडिलांनी ११ वर्षे अंबाजोगाईत काढली, हे मुलाला माहीत होते. मावशी, सत्तर रुपये, दुष्काळातले व्याज यांतले काहीच माहीत नव्हते. तीस वर्षे दोघे एका दुकानात शेजारी बसले. भाव, आवक, वसुली, बँक यांवर रोज बोलले. या गोष्टींना तेथे कधी सवडच मिळाली नव्हती. मांजरसुंब्याचा उतार येईपर्यंत मुलगा प्रश्न विचारत होता आणि आजोबा उत्तरे देत होते.

या अनुभवातून इतर कुटुंबांनी घेण्याजोग्या काही व्यावहारिक गोष्टी आहेत. ज्येष्ठांसाठी ठिकाण निवडताना त्यांच्या आयुष्याशी नाते असलेले गाव निवडावे. तेथे ते आपोआप बोलू लागतात. अंतर तीन तासांच्या आतले असावे. कार्तिकी पौर्णिमेनंतरचे आणि माघापर्यंतचे दिवस चांगले. मात्र मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाची गर्दी असते, तेवढे दिवस टाळावेत किंवा मुक्कामाची सोय आधी करावी. खोली तळमजल्यावरचीच मागावी. औषधे, आधार कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत, तीही हाताशी. उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांची व्यवस्था पोहोचताच लावावी. घडीची एक हलकी खुर्ची सोबत असली की पायऱ्यांची भीती निम्मी होते. दासोपंतांची पासोडी किंवा लेणी पाहायची असल्यास आधी स्थानिक चौकशी करावी. आणि दिवसाला दोनपेक्षा अधिक ठिकाणे ठरवू नयेत.

जवळच कुंथलगिरीही आहे, म्हणून तीही त्याच फेरीत उरकावी असा मोह अनेकांना होईल. तो टाळलेला बरा. कुलभूषण-देशभूषण मुनींचे हे सिद्धक्षेत्र स्वतंत्र दिवस मागते. आचार्य शांतिसागर महाराजांनी सप्टेंबर १९५५मध्ये तेथे सल्लेखना पूर्ण केली. त्या दिवसांत वडिलांच्या खांद्यावर बसून तेथे गेल्याची आठवण असणारी माणसे बीड, धाराशिव, सोलापूरच्या घरांत आजही आहेत. ती आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारायला हवे, आणि विचारण्याची उत्तम जागा तो डोंगरच.

व्यापारी माणूस मुदतीचा अर्थ जाणतो. ठेवीची मुदत संपली की पावती बँकेत नेऊन नूतनीकरण करता येते. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींना ती सोय नाही. त्यांचे गुडघे, त्यांची स्मृती आणि आपली सवड या तिन्हींचा मेळ बसेल असे शनिवार-रविवार मोजकेच उरलेले असतात. हंगाम तर दरवर्षी येतच राहणार आहे. बीडच्या त्या घरात आजोबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आता ठरली आहे. तिच्या आधीच्या शनिवारी कुंथलगिरी, आणि पाय बरे झाल्यावर मुकुंदराजांची दरी, असा क्रम वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे. अक्षर मुलाचे आहे.